सोलापूरहून सीमेपलीकडच्या डोंगरात एका दिवसात: कुठं जावं, किती वाजता वळावं

लिहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातलं कुटुंब, नवरा-बायको, सहा आणि अकरा वर्षांची दोन मुलं, सत्तरीतले आई-वडील, त्यात वडिलांचे गुडघे दुखतात, घरची गाडी. डोंगर आणि खरं जंगल बघायचंय, पण सुट्टी एकच दिवसाची. सह्याद्री लांब पडतो, म्हणून कर्नाटक-तेलंगणच्या हद्दीवरची चिंचोळी, अनंतगिरी आणि जाता-येता बिदर असं एका दिवसात बसवता येईल का?

चिंचोळी बसेल. अनंतगिरीही बसेल, पण गाडीनं नाही, रेल्वेनं. दोन्ही एका दिवसात बसणार नाहीत, आणि बिदरला वेगळा दिवस द्यावा लागेल. आता कारणं सांगतो. गेली बावीस वर्षं मी सोलापुरातली कुटुंबं आणि शाळेची पोरं घेऊन या भागात जातोय, आणि सहल बिघडताना पाहिली ती जवळजवळ प्रत्येक वेळी एकाच कारणानं: किती वाजता निघायचं हे सगळे ठरवतात, किती वाजता परत फिरायचं हे कुणी ठरवत नाही.

आधी अंतराचा हिशेब करू. सोलापूरहून हैदराबाद रस्त्यानं नळदुर्ग, उमरगा, मग सीमा ओलांडून हुमनाबाद, आणि तिथून उजवीकडं चिंचोळी. सगळं मिळून दोनशे किलोमीटरच्या आसपास. हुमनाबादपर्यंत चौपदरी रस्ता आहे, पुढं साधा. दुसरी वाट अक्कलकोट, आळंद, कलबुर्गी करून. कलबुर्गी सुमारे ११० आणि तिथून चिंचोळी आणखी ऐंशी-पंच्याऐंशी. आकडा जवळजवळ तोच येतो, पण गावं जास्त, शहरातली गर्दी जास्त. मी हुमनाबादचीच वाट धरतो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन, चहापाण्याला आणि लघवीला थांबत, चार ते साडेचार तास धरा. म्हणजे जाऊन-येऊन नऊ तास गाडीत. पहाटे पाचला निघालात तर साडेनऊला जंगलाच्या तोंडाशी. तिथून दुपारी अडीचला वळायचं. हातात पाच तास राहतात. पाच तासांत एक जागा निवांत बघून होते. दोन जागा म्हणजे पुन्हा गाडीत बसणं.

अडीचच का, तर आपला परतीचा रस्ता पश्चिमेकडं आहे. साडेचार-पाचनंतर सूर्य बरोबर काचेसमोर येतो आणि बुडेपर्यंत चालवणाऱ्याच्या डोळ्यांत राहतो. अडीचला निघालं की त्या वेळी तुम्ही चौपदरी रस्त्यावर असता, साधा रस्ता मागं पडलेला असतो, आणि उमरग्यात चहाला थांबून तो सगळ्यात वाईट अर्धा तास काढता येतो. सकाळचंही तसंच: जाताना तोंड पूर्वेला असतं. म्हणून नाश्त्याचा थांबा उगवतीनंतरच्या पाऊण तासात घ्यावा. भूक तेव्हा लागलेली असो-नसो, डोळ्यांना तो थांबा लागतो.

दुसरं कारण उसाचं. कारखाने चालू झाले की दिवाळीपासून मार्चपर्यंत या सगळ्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या असतात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागं दिवा नाही, ऊस बाहेर लोंबतोय. अंधारात त्या अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. एका वर्षी मीच हट्टानं चिंचोळी करून पुढं तांडूरकडं एक चक्कर मारायचं ठरवलं. परतताना साडेसात वाजले, आणि एका वळणावर अशी ट्रॉली पुढ्यात आली. ब्रेक लागला, कुणाला काही झालं नाही. पण मागच्या सीटवर झोपलेली एक पाच वर्षांची मुलगी पुढं आपटली आणि तिचा ओठ फुटला. चूक माझी होती. त्या दिवसापासून परतीची वेळ मी कागदावर लिहून गाडीच्या पुढच्या काचेला चिकटवतो आणि ती मुलांना वाचायला लावतो. मुलं वेळ पाळायला लावतात, मोठी माणसं "अजून दहा मिनिटं" म्हणतात.

आता जागेकडं येऊ. चिंचोळी म्हटलं की सोलापूरकराला आधी पुणे रोडवरची एमआयडीसी आठवते. मोबाईलच्या नकाशातही तसाच घोळ होतो, म्हणून कलबुर्गी जिल्ह्यातली चिंचोळी टाका, किंवा सरळ तिथल्या जंगलातलं चंद्रमपल्ली धरण शोधा. तिथल्या एत्तिपोता धबधब्याचं तसंच. नाव टाकलं की नकाशा कधीकधी आंध्रातल्या माचर्ल्याजवळच्या एत्तिपोतला धबधब्याकडं बोट दाखवतो. अनंतगिरीची तर आणखी गंमत आहे, विशाखापट्टणमच्या वरच्या अराकू भागातही एक अनंतगिरी आहे. निघायच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर खरी जागा शोधून, खूण करून, नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. जंगलात रेंज टिकत नाही.

चिंचोळीचं जंगल २०११ साली अभयारण्य झालं. क्षेत्र १३४.८८ चौरस किलोमीटर, थेट तेलंगणच्या हद्दीला टेकलेलं. मुलांना सांगायला एक गोष्ट फार चांगली आहे. आपण नान्नजला माळढोक अभयारण्यात जातो तेव्हा गवत बघतो, काळवीट बघतो. काळवीट आणि लांडगा चिंचोळीतही आहेत, पण तिथं त्यांच्या बाजूला टेकड्या आहेत, साग, पळस, धावड्याची झाडी आहे, चंदन आणि रक्तचंदनही आहे. एकाच दख्खनच्या पठारावर दोनशे किलोमीटरमध्ये माळ कसा संपतो आणि रान कसं सुरू होतं, हे मुलांना गाडीच्या खिडकीतून दिसतं.

ते का होतं हे मला स्वतःला फार आवडतं, म्हणून इथं जरा थांबतो. सोलापूर सोडताना दोन्ही बाजूला काळी माती. बसाल्ट खडकाची ती माती, आपली ज्वारी तिच्यावर पोसलेली. हुमनाबाद जवळ आलं की मुलांना सांगा, माती बघा. ती लाल होते. खाली तोच काळा खडक आहे, पण वर जांभ्याची टोपी आहे, कोकणात घरं बांधतात तसाच जांभा. जांभा भोकाभोकांचा असतो. पावसाचं पाणी त्यात मुरतं, खालच्या कातळाला अडतं आणि टेकडीच्या कडेनं झऱ्यासारखं बाहेर पडतं. बिदरला बहामनी काळात जमिनीखालून पाणी नेणारे कालवे खोदले, झरणी नरसिंहाच्या गुहेत लोक अजूनही पाण्यातून चालत देवापर्यंत जातात, अनंतगिरीला मुसी नदी उगम पावते, आणि हे सगळं त्याच जांभ्यामुळं. आणखी पूर्वेला-दक्षिणेला उतरलं की काळा खडकही संपतो आणि त्याच्या खालचा चुनखडक उघडा पडतो. तो म्हणजे शहाबाद, सेडम, तांडूरचा दगड. सोलापुरात ज्या घरात शहाबादी फरशी आहे, आणि जुन्या घरांत ती असतेच, त्या घरातल्या पोराला ही फरशी कुठून आली हे दाखवायची ही संधी आहे. काळी माती, लाल माती आणि फरशीचा दगड असे तीन खडे मुलांना वाटेत रस्त्याकडेला गोळा करायला लावा. अभयारण्याच्या आतून मात्र खडा, पान, पीस काहीही उचलायचं नाही. तो नियम आहे आणि मुलांना तो नियम म्हणूनच सांगा.

चंद्रमपल्लीला दिवस असा घालवा. पोचल्यावर आधी वनखात्याच्या माणसांकडं प्रवेशाची विचारणा करा. कुठल्या वाटेला सोडतात, कुठल्या नाही, हे हंगामाप्रमाणं बदलतं, आणि ते सांगतील तेच खरं. मग धरणाच्या बाजूला मोकळ्या सावलीत म्हातारी माणसं बसवा. चारही बाजूंनी हिरव्या टेकड्या आणि मधे पाणी. माझ्या अनुभवात आजी-आजोबांना त्याहून जास्त काही नको असतं. एक मोठा माणूस त्यांच्याजवळ थांबतो, दुसरा मुलांना घेऊन तास-दीड तास चालून येतो. तासाभरानं अदलाबदल. सगळ्यांनी सगळं बघायचं हा आग्रह सोडला की कुणीच दमत नाही. वडिलांचे गुडघे दुखतात असं लिहिलंय, तर त्यांच्यासाठी घरची प्लॅस्टिकची खुर्ची डिकीत टाका. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण जमिनीवर बसायला न येणाऱ्या माणसाचा सगळा दिवस त्या खुर्चीवर अवलंबून असतो.

वाटेत देवदर्शनाचा विषय निघेल. अक्कलकोट त्या दुसऱ्या वाटेवरच आहे, गाणगापूर जवळच आहे, मग जाता-जाता का नको, असं आई म्हणणारच. मी आईंनाच समोर बसवून सांगतो, की स्वामींच्या दारात घाईनं जाऊन घाईनं निघायचं तुम्हालाच आवडणार नाही, त्याला दुसरा दिवस काढू. आणि तो दिवस खरंच काढतो. नाहीतर पुढच्या वेळी त्या विश्वास ठेवत नाहीत.

पाण्याबद्दल मी कडक आहे आणि राहणार. सोलापूरच्या मुलांना वाहत्या पाण्याची सवय नाही. आपल्याकडं पाणी नळाला येतं तेही दिवसाआड किंवा त्याहून उशिरा, म्हणून पाणी दिसलं की पोर धावत सुटतं. धरणाचा काठ वरून सपाट दिसतो आणि आत एकदम खोल होतो, खाली गाळ असतो, त्यात पाय रुतला तर पोहणाऱ्यालाही निघता येत नाही. घोट्यापलीकडं पाण्यात जायचं नाही, हा नियम मोठ्यांनाही. सांडव्यावरून पाणी जात असेल तेव्हा तिथं फोटो नाही. धबधब्याखाली उभं असताना पाणी एकदम गढूळ झालं, काड्या-पानं वाहत यायला लागली, तर वर पाऊस झालाय. तेव्हा सामान गोळा करत बसू नका, मुलं उचला आणि वरच्या अंगाला चढा. जांभ्याचा आणखी एक दगा आहे. कोरडा असताना पायाला चांगली पकड देतो, शेवाळलेला असला की साबणासारखा. चपला नकोत, मागून पट्टा असलेले सँडल किंवा बूट घाला.

गवतातून चालताना पूर्ण पँट, मोजे. पावसाळ्यानंतरच्या झुडुपांत बारीक किडे अंगावर चढतात आणि त्यातल्या काहींमुळं स्क्रब टायफस नावाचा ताप येतो. घरी आल्यावर मुलांना आंघोळ घाला, काखा, जांघा, कानामागं बघा. सहलीनंतर आठ-पंधरा दिवसांत ताप आला, अंगावर कुठं जळल्यासारखी काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना जंगलात गेलो होतो हे आपणहून सांगा. वेळेत कळलं तर औषध साधं आहे. साप चावला तर बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. पाय हलू द्यायचा नाही, गाडीत घालायचं आणि मोठ्या सरकारी दवाखान्यात. ११२ हा नंबर तिन्ही राज्यांत चालतो.

अनंतगिरी मात्र गाडीनं एका दिवसात करू नका. चिंचोळीहून पुढं तांडूर, मग विकाराबाद, म्हणजे सोलापूरपासून अडीचशेच्या वर. एका बाजूला सहा तास गेले तर बघणार काय? पण आपल्याला एक सोय आहे. सोलापूर-वाडी-तांडूर-विकाराबाद ही सरळ रेल्वे. मुंबईहून रात्री सुटलेली हुसेनसागर एक्स्प्रेस पहाटे सोलापुरात येते आणि सकाळी विकाराबादला सोडते. तिचीच उलटी गाडी हैदराबादहून दुपारी निघते आणि रात्री जेवणाच्या वेळेला तुम्ही घरी. वेळा बदलत असतात, तिकीट काढताना बघून घ्या, पण मधे पाच-सहा तास मिळतात आणि ते पुरतात. स्टेशनवरून डोंगर पाच-सहा किलोमीटर. रिक्षा जाण्या-येण्याची एकदमच ठरवा, कारण वर परतीची रिक्षा लवकर मिळत नाही.

वर अनंतपद्मनाभ स्वामींचं देऊळ आहे, म्हणजे आईंचं देवदर्शन इथं आपोआप होतं. भोवती दाट झाडी, चालायला पायवाटा, आणि मुसीचा उगम. मुलांना तो बारीक ओहोळ दाखवून सांगा, की हीच नदी पुढं हैदराबाद शहराच्या मधून जाते, आणि १९०८ च्या सप्टेंबरात तिनंच हैदराबादेत हजारो माणसं नेली. त्या पुरानंतर उस्मानसागर आणि हिमायतसागर ही धरणं बांधली. पायाखालचा ओहोळ आणि तो पूर एकच, हे पोरांच्या चेहऱ्यावर उमटताना मी पाहिलंय. माकडं भरपूर आहेत. खायला हातात धरू नका, पिशवी पाठीला नको, पोटाला घ्या. आणि त्यांना काही देऊ नका, कितीही गोड दिसली तरी. माणसाच्या हातचं खायला लागलेलं माकड पुढच्या कुटुंबातल्या लहान मुलावर झडप घालतं.

सीमेपलीकडं भाषेची काळजी करू नका, आपण सोलापूरचे आहोत. चिंचोळीकडं कानडी, विकाराबादकडं तेलुगू, दोन्हीकडं दखनी उर्दू. आपल्या गल्लीत पूर्वभागातले तेलुगू बोलणारे शेजारी असतात, अक्कलकोट बाजूचे नातेवाईक घरात कानडी बोलतात. दोन दिवस आधी मुलांना त्यांच्याकडून पाच-सहा शब्द शिकवून घ्या. पाणी म्हणजे कानडीत नीरु आणि तेलुगूत नीळ्ळु, एवढं आलं तरी मुलं तिथं जाऊन वापरतात. जंगलाच्या कडेला लमाणांचे तांडे आहेत. तिथल्या म्हाताऱ्यांना वाट विचारली तर नकाशाहून बरी सांगतात. घरांचे, बायकांच्या पेहरावाचे फोटो न विचारता काढायचे नाहीत. हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा होता, तिथल्या म्हाताऱ्या माणसांना उमरगा, नळदुर्ग परकं वाटत नाही. सोलापूरहून आलो म्हटलं की चादरीचा विषय निघतो आणि गप्पा सुरू होतात.

गाडी घरची पांढऱ्या पाटीची असेल तर आरसी, विमा, पीयूसी, लायसन एवढं पुरे. फास्टॅगमध्ये पैसे ठेवा, उमरग्यापर्यंतच टोल लागतो आणि पुढंही. भाड्याची गाडी घेणार असाल तर पिवळ्या पाटीचीच घ्या आणि दुसऱ्या राज्यात जायचा परवाना आहे का हे आदल्या दिवशी कागद बघून खात्री करा. २०२१ पासून पर्यटक गाड्यांना सगळ्या देशाचा एकच परवाना ऑनलाइन मिळतो, त्यामुळं "सीमेवर बघू" म्हणणाऱ्या मालकाची गाडी घेऊ नका. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी भाडं देऊन नेली आणि काही झालं, तर विमा कंपनी हात वर करू शकते.

जेवण घरचं. ज्या गावाला कडक भाकरी येते त्यानं सहलीत हॉटेल शोधू नये असं माझं ठाम मत आहे. कडक भाकरी, शेंगाची चटणी, धपाटे, दह्याचा डबा, कांदा, काकडी. यातलं काही नासत नाही, सांडत नाही. म्हाताऱ्यांना कडक भाकरी चावत नाही, त्यांच्यासाठी धपाटे मऊ करा किंवा भाकरी दह्यात कुस्करा. माणशी तीन लिटर पाणी सोलापुरातूनच भरा. जंगलात चूल, शेगडी, सिगारेट नाही. फेब्रुवारीनंतर खाली पाचोळा असतो, एका ठिणगीनं टेकडी जाते. कचरा काळ्या पिशवीत परत सोलापुरात. परतताना वाटेत तूरडाळ घ्या. कलबुर्गीच्या आणि तांडूरच्या तुरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि वरण शिजल्यावर फरक कळतो.

केव्हा जावं? ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत. धबधबा बघायचा असेल तर सप्टेंबर, चालायचं असेल तर नोव्हेंबर, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर पिवळी फुललेली असते. फेब्रुवारीअखेर पळस फुलतो, पण बाकी झाडं उघडी व्हायला लागतात. शाळेच्या उन्हाळी सुट्टीत मात्र नको. सुट्टी आहे म्हणून एप्रिल-मेमध्ये नेलेली मुलं वाळकं रान आणि घाम एवढंच घेऊन येतात आणि पुन्हा जंगल म्हटलं की नको म्हणतात. रविवारही टाळता आला तर टाळा. धरणावर त्या दिवशी दारू पिणारी टोळकी असतात. शनिवारी निघालात तर रविवार झोपायला मिळतो.

तुमच्या घरच्या माणसांचा विचार करून मी सुचवेन: या वर्षी नोव्हेंबरातल्या एखाद्या शनिवारी चंद्रमपल्ली, फक्त तेवढंच. आई-वडिलांना तो प्रवास झेपला तर पुढच्या श्रावणात रेल्वेनं अनंतगिरी. तिकीट आधी काढावं लागेल, पहाटेच्या गाडीत आई-वडिलांना खालचे बर्थ मिळतील असं बघा, आणि परतीचं तिकीट त्याच वेळी काढून ठेवा.